मी सांगितली असेल ती गोष्ट

५ जानेवारी

लिहा, वन्सं. आधी तारीख घाला, म्हणजे पुढं कुणी भांडायला आलं तर बरं. आणि मी म्हणेन तेच लिहा. अक्षर तुमचं, शहाणपण माझं. तुमचं शहाणपण तुमच्या घरी वापरा.

मला लिहितावाचता येत नाही हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. पुस्तकांच्या पाठीवर माझ्या फोटोखाली तेच छापतात, ‘अक्षर न शिकलेली लेखिका’. जसं काही दोन डोक्यांचं वासरू. तरी गोष्टींची तीन पुस्तकं झाली आणि आता हे चौथं आलं. मी सांगते, सूनबाई लिहून घेते, मग लिहिलेलं मला वाचून दाखवते. पटलं तर मी ‘पुढे’ म्हणते, नाही पटलं तर ‘खोड’ म्हणते. माझं ‘पुढे’ आल्याशिवाय एक ओळ छापायला जात नाही. इतक्या वर्षांत तिनं माझा एक ‘पण’ इकडचा तिकडे केला नाही. तशी गरीब आहे. गप्प असते. घरात बोलायला मी आहे ना.

मग आज सूनबाईला सोडून नणंदेला का बसवलं? तर सांगायचं आहे ते तिच्याच बाबतीतलं. दुपारी ती दाताच्या डॉक्टरकडे जाते, तेवढा वेळ आपल्याला मोकळा आहे. फार जुनं दुखणं आहे बिचारीचं.

काल नव्या पुस्तकाचं वाचन होतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली, लोखंडी घडीच्या खुर्च्या, माइक शिट्टी मारणारा. आमची पद्धत ठरलेली आहे. एक गोष्ट सूनबाई पुस्तकातून वाचते, दुसरी मी तोंडानं सांगते. छापलेलीच सांगते, पण ती कधी छापल्यासारखी होत नाही. लोकांना त्यातच मजा वाटते. पुस्तक समोर धरून बसतात आणि मी कुठं घसरले ते शोधतात.

काल तिनं ‘दुपारचा खेळ’ वाचली. एक बाई शिवणाच्या क्लासला जाते असं सांगून घरातून निघते आणि सिनेमाला जाऊन बसते. कोपऱ्यातली खुर्ची धरते आणि झोपते. सिनेमा बघतसुद्धा नाही. तिथं तिला कुणी काही सांगत नाही, तेवढ्यासाठी जाते. आणि घरी तिची एक सासू आहे. ती पितळेची घंटा वाजवून सुनेला बोलावते. चहा हवा, एक घंटा. कंटाळा आला, दोन घंटा. मी पोट धरून हसले. शेजारी प्रकाशक बसला होता, त्याला म्हटलं, ‘‘छान आहे हो. कुणाची?’’

तो म्हणाला, ‘‘तुमचीच की, आजी.’’ आणि हसायला लागला. त्याला वाटलं मी थट्टा करते. जन्मभर थट्टा केली की ही एक सोय होते. खरं बोललं तरी खपून जातं.

वन्सं, ती गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.


६ जानेवारी

रात्र गेली पण डोक्यातली भुणभुण गेली नाही. माझ्या गोष्टी मला माहीत आहेत. त्यांत भांडखोर बाया असतात, लबाड जावई असतात, मेलेला नवरा परत येऊन चष्मा कुठं ठेवला ते विचारतो. सिनेमात झोपणारी बाई मी कुठून आणणार? मी शेवटचा सिनेमा पाहिला तेव्हा तुमच्या भावाला मिशा होत्या.

पण मग वाटतं, सांगितलीही असेल. हल्ली मी कपाटापर्यंत जाते आणि काय घ्यायला आले ते कपाटालाच विचारते.

तुम्ही रोज इथं येता. मी ती गोष्ट सांगताना तुम्ही कधी ऐकलीत का, वन्सं? खरं सांगा.

वन्सं म्हणतात, पेनातली शाई संपत आली आहे.


९ जानेवारी

पेपरात आलं. सकाळी चिरंजीवांनी पावाला लोणी लावत लावत मोठ्यानं वाचलं. मथळा होता, ‘उतारवयातला बहर’. मी म्हटलं, ‘‘बहर येऊ दे, पण उतारवय कशाला काढायचं चारचौघांत?’’ पुढं लिहिलं होतं की आजवर या लेखिकेनं हसवलं, ‘दुपारचा खेळ’मध्ये मात्र तिनं पहिल्यांदाच एका गप्प बाईच्या आत डोकावून पाहिलं. या वयात एवढी नवी नजर क्वचित येते. बाकीच्या अकरा गोष्टींना मिळून एक ओळ. तीही ‘इतर कथाही वाचनीय’. माझ्या मेलेल्या नवऱ्याची गोष्ट त्या ‘इतर’मध्ये!

चिरंजीव म्हणाले, ‘‘आई, मानलं तुला.’’ त्यानं मला मानायची ही पहिलीच वेळ. सूनबाई माझ्या मागं उभी होती.  तिनं पाव करपवला.

पण खरंच सांगते वन्सं, गोष्ट चांगली असली तरी एक जागा मला पटत नाही. ती बाई दोन वर्षं शिवण शिकते आणि एक फ्रॉक शिवून आणत नाही, तरी घरात कुणाच्या लक्षात येत नाही? एवढी आंधळी माणसं असतात का कुठं? मी सांगितली असती तर नवऱ्याकडून निदान एक शर्ट तरी मागवला असता.

थांबते. सूनबाईचा आवाज आला. आज डॉक्टरकडून लवकर आली. एवढे इलाज झाले, पण दात आहेत तसेच. होते तेवढे, होते तिथं.


१२ जानेवारी

पेपरवाली मुलगी घरी आली. डोळ्यांवर मोठा चष्मा, सोबत फोटो काढणारा. तो म्हणाला, ‘‘आजी, हातात पेन धरा.’’ म्हटलं, ‘‘अरे, मी अक्षर न शिकलेली लेखिका ना?’’ तर म्हणे, फोटोत बरं दिसतं. मग धरलं. नंतर वन्सं म्हणाल्या, मी ते कढईत घालायच्या झाऱ्यासारखं धरलं होतं.

मुलगी गोड होती. गोड मुलींची भीती वाटते. तिनं विचारलं, ‘‘ही सिनेमाला जाणारी बाई तुम्हाला कुठं भेटली?’’

मी म्हटलं, ‘‘बाया काय, सगळीकडे भेटतात.’’

‘‘नाही, पण खुर्चीच्या हातावरचा ते फाटकं रेक्झिन, बाई त्यात बोट घालून झोपते, एवढं बारीक तुम्ही कुठं पाहिलंत?’’

आता माझी पंचाईत. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणून मी आजवर विकत आले, पण टोपलीत बोरंच नसली तर काय विकायचं? मी खोकला काढला. काठीनं कॉटच्या पायाला दोन टोले दिले. तेवढ्यानं सूनबाईला कळतं. बिचारीला हाक मारून कशाला दमवायचं? ती चहा घेऊन आली. पेपरवाली तिच्याकडे वळली. ‘‘तुम्ही लिहून घेता ना? ही गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’’

सूनबाई कपांकडे बघत म्हणाली, ‘‘मी लिहून घेते. वाटायला वेळ नसतो.’’

मुलगी हे वाक्य लिहून घेताना फार खूश दिसली. का, ते काही मला कळलं नाही.


१४ जानेवारी

काल एक पेपरवाली मुलगी आली होती. मोठा चष्मा. फोटोवाला म्हणाला पेन हातात धरा, तर मी…

वन्सं लिहायच्या थांबल्या. म्हणतात, वहिनी, हे परवाच सांगितलंत.

राहू द्या तसंच. खोडू नका.


१८ जानेवारी

वाईट दिवस.

दुसऱ्या एका पेपरात समीक्षकांचा लेख आला. हे गृहस्थ पूर्वी माझ्या बाजूनं लिहायचे. आता ते लिहितात, ‘या लेखिकेच्या कथांत माणसं बोलत असतात, भांडत असतात, एकमेकांचं तोंड धरत असतात. ‘दुपारचा खेळ’मधली बाई गप्प बसते आणि कथा त्या गप्प बसण्यावर उभी राहते. गप्प बसणं हा या लेखिकेचा प्रांत नव्हे. मग हा हात कुणाचा? आणि हा हात दुसऱ्याचा असेल, तर आधीच्या पुस्तकांत तो नव्हता कशावरून?’

चिरंजीवांनी एवढं वाचलं आणि पेपर घडी करून खाली ठेवला. एरवी टेबलावर तसाच पसरलेला टाकतात. सूनबाई तेव्हा जिन्यात केर काढत होती. बराच वेळ काढत होती. आमचा जिना काही एवढा मोठा नाही.

दुपारी प्रकाशक आला. बूट न काढता आला, म्हणजे बघा. म्हणाला, ‘‘आजी, घाबरू नका. वाद म्हणजे विक्री. सत्तावीस तारखेला मोठं सभागृह घेतलंय. पाचशे खुर्च्या. समीक्षकांनाही बोलावतो. तुम्ही मंचावर ‘दुपारचा खेळ’ तोंडानं सांगायची. पुस्तक नाही, कागद नाही. तुमच्या तोंडून गोष्ट बाहेर पडली की त्यांचं तोंड बंद.’’

मी म्हटलं, ‘‘उत्तम.’’ दुसरं काय म्हणणार?

आता तुम्हीच बघा. गोष्ट माझी असेल आणि मला आठवत नसेल, तर माझं डोकं गेलं. गोष्ट माझी नसेल, तर माझं नाव गेलं. एकाच गोष्टीवरून नाही, चारी पुस्तकांवरून जाईल. ज्या बाईला स्वतःची सही करता येत नाही, ती खोटी ठरायला वेळ किती लागतो? लोक तर टपलेलेच असतात. म्हातारी नुसती पुढं बसवली होती, लिहिणारी दुसरीच होती, असं म्हणतील.

आणि सूनबाईला विचारायची सोय नाही. तू माझ्या पुस्तकात चोरून काही घातलंस का, असं विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर मी वेडी ठरले. हो म्हणाली, तर उद्यापासून मी कुणाच्या भरवशावर तोंड उघडू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

वन्सं, तुम्ही का डोळे पुसता? तुमचं काय गेलं?


२० जानेवारी

विचारलं. सरळ नाही, वाकडं विचारलं.

ती वाटाणे सोलत होती. मी म्हटलं, ‘‘सूनबाई, ती ‘दुपारचा खेळ’ मी कधी सांगितली गं? उन्हाळ्यात की नंतर?’’

तिचा हात थांबला. म्हणाली, ‘‘तुम्हाला वाचून दाखवली होती, आई.’’

‘‘ते झालं. पण सांगितली कधी?’’

‘‘वाचून दाखवली होती,’’ ती पुन्हा म्हणाली. ‘‘सगळी. एकही ओळ न गाळता. दुपारी, तुम्ही इथंच पडला होतात. मी फार हळू वाचली. प्रत्येक ओळीला थांबत होते, तुम्ही काही म्हणाल म्हणून.’’

‘‘आणि मी काय म्हटलं?’’

‘‘पुढे.’’

‘‘जागी होते मी?’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. असं ती कधी बघत नाही. डोळे माझ्यासारखेच दमलेले. म्हणाली, ‘‘ते मलाही कळलं नाही. पण ‘पुढे’ म्हणालात.’’

हे उत्तर झालं का, वन्सं? मी विचारलं एक, तिनं सांगितलं दुसरं, आणि जे सांगितलं ते खोटं नाही. दुपारी जेवण झाल्यावर मी पडते तेव्हा ‘पुढे’ आपोआप तोंडातून येतं. झोपेत दुसऱ्या बाया घोरतात, मी ‘पुढे’ म्हणते. हे तिला एवढ्या वर्षांत कळलं नसेल?

आणि कळलं होतं तर ती थांबत थांबत कशाला वाचत होती?


२१ जानेवारी

आज तिला म्हटलं, सगळी पुन्हा वाच, मला मंचावर सांगायची आहे. तिनं वाचली. मी डोळे मिटले नाहीत, खिडकीच्या गजांकडे बघत ऐकली.

पहिल्या वेळी मी सासूला हसले होते. आज हसू आलं नाही. सासू तशी वाईट नाहीये गोष्टीत. ती सुनेला मारत नाही, टोमणे मारते तेसुद्धा गमतीनं. पण दिवसभर बोलते. सून कणीक मळताना बोलते, ती कपडे वाळत घालताना खिडकीतून बोलते, न्हाणीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बोलते. त्यामुळे बाईच्या कानात संध्याकाळी दुसऱ्याचे शब्द भरलेले असतात आणि स्वतःचा एक शोधायचा तर जागा नसते.

‘कणीक मळताना’ आलं तेव्हा सूनबाईचा आवाज जरा बसला. मी पाणी दिलं.

संपल्यावर ती म्हणाली, ‘‘आई, काही खोडायचंय?’’

पुस्तक छापून झालं, पेपरांत येऊन गेलं, आता काय खोडणार! पण ती पेन्सिल घेऊन बसली होती खरंच. मला काय बोलावं सुचलं नाही. मला! शेवटी म्हटलं, ‘‘अशी सासू कुणाला मिळू नये बाई.’’

तर ती हसली. पण हसणं नीट नव्हतं.


२५ जानेवारी

चिरंजीव म्हणतात, कार्यक्रम रद्द करू, तब्येतीचं कारण सांगू. म्हटलं, ‘‘झाकली मूठ झाकलीच राहावी म्हणून का? ती मूठ माझी आहे. उघडायची का नाही ते मी ठरवीन.’’ त्याला हल्ली माझ्याशी हळू बोलायची सवय लागली आहे. हळू बोललं की मला जास्त भीती वाटते.

दुपारी सूनबाई माझ्या साडीला इस्त्री करत होती, सत्तावीस तारखेसाठी. इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, ‘‘आई, मी तिथं उठून सांगून टाकू का?’’

‘‘काय सांगून टाकू?’’

 तिनं साडीला पुन्हा इस्त्री लावली. मी वाट पाहिली. मला वाट बघायची सवय नाही, मीच म्हणाले, ‘‘पदराकडे बघ, जळेल.’’

आत्ता वन्सं म्हणतात, वहिनी, तिला बोलू द्यायचं होतंत. हे नंतर सांगायला सगळे शहाणे.


२७ जानेवारी

रात्र झाली, आत्ताच आलो. वन्सं सोबतच होत्या तरी सगळं लिहून घेणार म्हणतात. पाय सुजलेत, पण सांगते.

सभागृह भरलेलं. समीक्षक दुसऱ्या रांगेत, मांडीवर डायरी. चष्मेवाली कडेला. मंचावर दोन खुर्च्या, एक माझी, एक सूनबाईची. तिच्या मांडीवर पुस्तक, मिटलेलं. 

प्रकाशक बोलला, मग सगळे माझ्याकडे बघत राहिले. मला गोष्ट पाठ झाली होती. एकदा नीट ऐकलं की माझं होतं पाठ. तशीच्या तशी सांगितली असती तर सगळे टाळ्या वाजवून घरी गेले असते. सुरुवातही केली, ‘‘एक बाई शिवणाच्या क्लासला म्हणून निघाली.’’ इथवर सांगितलं आणि पुढं माझी जीभ जाईना. माझ्या जिभेला त्या थिएटरात शिरायला लाज वाटली. जिथं ती बाई कुणाचं ऐकावं लागू नये म्हणून जाऊन बसली, तिथं मी कशाला मागून जाऊ बडबडत?

मग मी म्हटलं, ‘‘ती गेली. जाऊ द्या तिला. आता घरात कोण राहिलं?’’

 मग मीच म्हटलं, ‘‘सासू राहिली.’’

आणि सांगत गेले. सासूला ठाऊक आहे की सून बाहेर गेली, तरी ती घंटा वाजवते. कुणी येत नाही. पुन्हा वाजवते. घर एवढं गप्प की घंटा थांबल्यावरही ऐकू येत राहते. मग एक दिवस ती उठते. म्हणते, चहा काय, आपणही करू. स्वयंपाकघरात जाते आणि तिला साखर सापडत नाही. घर तिचं, डबे तिनंच कधीकाळी आणलेले. एक उघडला तर मीठ, दुसरा उघडला तर रवा. प्रत्येक डबा उघडताना ती मोठ्यानं बोलते, कारण बोलल्याशिवाय तिला काम येत नाही. आणि ऐकायला कुणी नाही म्हणून तिला पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकू येतो. शेवटी बिनसाखरेचा चहा पिते. कप धुते. पुसून ठेवते, पण चुकीच्या फळीवर. संध्याकाळी सून येते, कप बघते, उचलून जागेवर ठेवते, एक अक्षर बोलत नाही. दुसऱ्या दिवसापासून सासू एवढंच करते, सून दारातून आली की लगेच घंटा वाजवत नाही. आधी चपला काढू देते, तोंडावर पाणी मारू देते. मग वाजवते.

मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘म्हणजे सासूला माहीत होतं की काय?’’

मी म्हटलं, ‘‘ते सासूला विचारा. मला माहीत असतं तर पुस्तक कशाला काढलं असतं?’’

लोक हसले. समीक्षक हसले नाहीत. हात वर करून उभे राहिले. म्हणाले, ‘‘आजी, ही छापलेली कथा नाही.’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

‘‘मग छापलेली कुणाची?’’

पाचशे खुर्च्या, आणि एक करकरली नाही. सूनबाई उठायला लागली. मी तिच्या मांडीवरच्या पुस्तकावर हात ठेवला, त्यामुळे तिला उठता आलं नाही. म्हटलं, ‘‘साहेब, आमच्या घरात दोन बाया. एक बोलते, एक लिहिते. इतकी वर्षं तुम्ही कौतुक केलंत ते दोघींच्या मधल्याच कुठल्यातरी जागेचं. आता ती जागा कुणाच्या मालकीची, ते आम्ही घरी जाऊन भांडतो. निकाल लागला की तुम्हाला कळवू.’’

टाळ्या झाल्या. पण मी हे का बोलले, कुठून आलं, मला नाही सांगता येत. सासूचा चहा तरी कुठून आला? साखरेचा डबा आमच्या घरात कुठं असतो ते मला खरंच ठाऊक नाही.

वन्सं माझ्याकडे अशा का बघतात, तेही ठाऊक नाही.


२८ जानेवारी

दोन पेपर, दोन बातम्या. एकात, ‘ज्येष्ठ लेखिकेला स्वतःच्याच कथेचा विसर’. दुसऱ्यात, ‘मंचावर जन्मली नवी कथा’. एकाच बाईबद्दल, एकाच संध्याकाळी. एकानं मला पोचवून टाकलं, दुसऱ्यानं आत्ता कुठं जन्माला घातलं. चिरंजीवांना विचारलं, ‘‘तुला कुठलं पटतं?’’ म्हणाला, ‘‘आई, तू नाश्ता कर.’’

समीक्षकांनी काहीच लिहिलं नाही.


३० जानेवारी

हे आज सूनबाई घरात असतानाच लिहून घेते आहे. ती शेजारच्या खोलीत आहे. ऐकू जाऊ दे.

सकाळी ती आली. कोरे कागद आणले नव्हते, पेन आणलं नव्हतं. माझ्या कॉटवर पायाशी बसली. ती कधी कॉटवर बसत नाही, स्टुलावर बसते. म्हणाली, ‘‘आई, ती गोष्ट तुमचीच आहे.’’

म्हटलं, ‘‘उगीच माझी समजूत घालू नकोस. मला थिएटरातल्या खुर्चीचा रंग ठाऊक नाही.’’

‘‘खुर्ची माझी. बाई तुमची.’’

‘‘म्हणजे?’’

मग तिनं सांगितलं. ती लग्न होऊन नवीनच आली होती. एक दिवस ओट्याशी उभी राहून रडत होती. मी आत गेले आणि म्हटलं, रडतेस काय, पळायला शिक. मी पण पळायचे. चप्पल तुटली, शिवून आणते, असं सांगून निघायचे आणि स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचे. गाडीत चढायचं नसायचं, कुणाला उतरवून घ्यायचं नसायचं. नुसती बसायचे. सासूबाईंना वाटायचं, हिच्या चपला फार लवकर तुटतात.

‘‘हे मी तुला सांगितलं?’’

‘‘एकदाच. परत कधी नाही. मी वाट बघितली, तुम्ही पुस्तकासाठी कधी सांगाल म्हणून. तीन पुस्तकं झाली, चौथं भरत आलं, तरी सांगितली नाहीत. मग मला वाटलं, तुम्ही ती माझ्यासाठी ठेवलीत.’’

वन्सं, मला तो बाक आठवत नाही. माझ्या सासूचा खोकला आठवतो, त्या घराच्या मोरीचा वास आठवतो, तुम्ही वेणी घालून मागायचात ते आठवतं. चपला तुटायच्या का? तुम्हाला आठवतं?

वन्सं म्हणतात, चपला तुटायच्या खऱ्या.

पण तुम्ही तिच्या बाजूच्या. तुमचं काय धरायचं? आणि तिचं तरी काय धरू? ती खरं सांगते की म्हातारीला सांभाळून घेते, हे ओळखायला मी तिचं तोंड निरखून पाहिलं. काही कळलं नाही. गोष्ट खरी वाटेल अशी कशी सांगायची, हे तिला मीच शिकवलंय.

म्हटलं, ‘‘पुढच्या आवृत्तीत त्या गोष्टीखाली दोघींची नावं घालायची.’’

ती म्हणाली, ‘‘नको. मग लोक बाकीच्या गोष्टींबद्दलही विचारतील.’’

‘‘विचारू देत. तोवर आपण काहीतरी ठरवू.’’ आणि प्रकाशकाला लगेच फोन लावायला लावला. तो फोनवर बराच वेळ नुसता ‘अं’ करत होता. मग म्हणाला, बघतो. मी म्हटलं, बघू नकोस, छाप.

फोन ठेवल्यावर ती उठली. दारापर्यंत गेली असेल, तेव्हा मी विचारलं, ‘‘सूनबाई, त्या बाकावर बसून मी करायचे काय?’’

ती थांबली. म्हणाली, ‘‘ते तुम्ही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही.’’

‘‘तुला काय वाटतं?’’

‘‘ते मी लिहिणार नाही, आई. ते तुमचं.’’

आणि गेली. तेव्हापासून मी इथं पडून आहे आणि डोळ्यांसमोर एक बाक आणून बघते आहे. लोखंडी असेल की लाकडी? एकटीच बसत असेन की शेजारी कुणी? हातात तुटकी चप्पल धरली असेल की पायात असेल? मला एवढंच कळत नाही, वन्सं, की यातलं काही दिसायला लागलं, तर ते मला आठवलं म्हणायचं की सुचलं.